शिओमारूची होडी आणि नवकिरणच्या सह्या

तुम्ही एका पोराला होडीत बसवलंत, अंधाऱ्या गुहेच्या तोंडाशी आणून सोडलंत, पडद्यावर ‘पुढच्या भागात भेटू’ अशी पाटी लावलीत आणि घरी निघून गेलात. बावीस वर्षं झाली. पुढचा भाग नाही, माफी नाही, साधं ‘जमणार नाही’ एवढंही नाही. तोक्योच्या काचेच्या इमारतीत बसून तुम्हाला वाटत असेल, व्हिडिओ गेम काय, लोक विसरतात. एकदा दहिसरला येऊन बघा.

दहिसरच्या नवकिरण सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर यज्ञेश राऊत राहतो. वय छत्तीस, मालाडला विम्याच्या ऑफिसात नोकरी, केस निम्मे गेलेले. तुमच्या ‘शिओमारू’चा तिसरा भाग त्याने संपवला तेव्हा तो नववीत होता. त्या गुहेत शिओमारूचा हरवलेला बाप आहे की नाही, एवढंच त्याला जाणून घ्यायचंय. त्याची बायको गार्गी म्हणते, “एवढी वाट तू माझी बघितली असतीस तर मी एकदा तरी मुद्दाम उशिरा आले असते.”

यंदा तुम्हाला अचानक शिओमारूचा पंचविसावा वाढदिवस आठवला. चाहत्यांनी महिनाअखेरपर्यंत टपालाने पत्रं पाठवावीत, असं तुम्हीच जाहीर केलंत. जगभरच्या चाहत्यांनी ठरवलं, प्रत्येक देशातून शंभर सह्यांचा अर्ज जायचा. भारताचा भार यज्ञेशवर आला, कारण भारतीय ग्रुपमध्ये चारच जण होते. एक यज्ञेश, एक सांताक्रूझचा निमेश, एक इंदूरचा, जो दोन वर्षांत काही बोलला नव्हता, आणि एक बाई, ज्या होडीचा फोटो बघून माशांच्या रेसिपीसाठी आल्या होत्या.

“शंभर सह्या आणायच्या कुठून यार?” निमेशने फोनवर विचारलं. “माझ्या बिल्डिंगमध्ये मला वॉचमनपण ओळखत नाही.”

“आमच्याकडे अठ्ठेचाळीस फ्लॅट आहेत. नवरा-बायको धरले की नव्वदीच्या वर जातो आपण.”

अर्ज दोन पानी, इंग्रजीत. सह्यांसाठी यज्ञेशने कॉम्प्युटरमधला पाण्याच्या तक्रारीचा जुना तक्ता घेतला. नाव, फ्लॅट नंबर, सही. जपानला फ्लॅट नंबर कशाला लागतोय, हा विचार त्याने केला नाही. इथेच वाट लागली.

चौथ्या मजल्यावरचे श्यामसुंदर काका दारात आले.

“काका, एका जपानी व्हिडिओ गेमचा पुढचा भाग यावा म्हणून सह्या घेतोय.”

“ते असू दे. वर कोणाकोणाची सही आहे?”

“तुमचीच पहिली.”

“मग नंतर ये.”

यज्ञेशने आधी स्वतःची केली, मग गार्गीची घेतली. ती फोनवर बोलत होती, बोलता बोलताच तिने सही केली. ती बघून समोरच्या हरेश्वरने केली, हरेश्वरची बघून श्यामसुंदर काकांनी. मग कागद स्वतःच्या पायांनी चालल्यासारखा बिल्डिंगभर फिरला. दोन दिवसांत एक्क्याण्णव सह्या. यज्ञेशने प्रत्येकाला खरं काय ते सांगितलं होतं. अर्ज मात्र एकानेही वाचला नाही.

नीट ऐकून घेतलं ते फक्त सखुबाईने. ती गोराईची कोळीण, दर बुधवारी गेटपाशी पाटी घेऊन बसते. तिने बोंबील साफ करता करता सगळं विचारलं आणि तिचा कोयता थांबला.

“बावीस वर्सं पोराला गुहेच्या तोंडाशी उभा ठेवलाय? भरती आली की होडी खडकावर आपटंल ना. त्या जपानवाल्यांना समुद्र ठाऊक नाय काय?”

“गेममध्ये भरती थांबलेली असते, मावशी.”

“भरती कोणासाठी थांबत नाय. बाप घावला का त्याला?”

“तेच विचारतोय त्यांना.”

तिने सहीसाठी हात पुसला. पण तिला फ्लॅट नंबर नव्हता आणि रकाना रिकामा दिसला असता, म्हणून यज्ञेशने तिची सही घेतली नाही. हे त्याला पुढे फार लागलं.

मग सेक्रेटरी दशरथ जागा झाला. अकरा वर्षं तोच सेक्रेटरी. अकरा वर्षांपूर्वीच रतनशेठ नावाच्या बिल्डरने गेटवर ‘लवकरच भव्य टॉवर’ असा बोर्ड लावला होता. त्यानंतर बोर्डावर कबुतरांच्या चार पिढ्या वाढल्या, टॉवर काही वाढला नाही.

“माझ्या पाठीमागे? फ्लॅट नंबरसकट सह्या?” दशरथ दारातच उभा राहिला.

“अहो, व्हिडिओ गेमसाठी आहेत.”

दशरथने अर्जावरचा तोक्योचा पत्ता तेवढा वाचला. त्याचा चेहरा बदलला. “जपानी कंपनी आणताय होय? ओरिजिनल माझ्याकडे राहू दे. फायलीत लागेल.”

संध्याकाळपर्यंत नवकिरणला जपानी बिल्डर येणार हे सगळ्यांना माहीत झालं. भूकंप झाला तरी चहा सांडणार नाही, हे हरेश्वरने सांगितलं. संडासाची सीट गरम असते, हे श्यामसुंदर काकांनी सांगितलं, आणि मे महिन्यात ती बंद करता येते का, अशी चौकशीही केली. आपण सही कशावर करतोय ते पहिल्यापासून माहीत होतं, असं प्रत्येकजण म्हणाला.

तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, रतनशेठ आला. अकरा वर्षांत ज्याने फोन उचलला नव्हता, तो पेढे घेऊन आला. गच्चीवर तातडीची सभा भरली.

“घरचा माणूस सोडून परक्याकडे कशाला जाता?” रतनशेठ म्हणाला. “प्रत्येकाला एक खोली जास्त. आत्ता लिहून देतो.”

यज्ञेश उठला. त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज पोस्टात टाकायचा होता, नाहीतर मुदत गेली असती.

“एक मिनिट. कोणी जपानी बिल्डर नाहीये. त्या सह्या व्हिडिओ गेमसाठी घेतल्यात. मला माझा कागद परत द्या.”

मग श्यामसुंदर काका म्हणाले, “ते असू दे. सह्या सगळ्यांच्या आहेत ना?”

“आहेत,” दशरथ म्हणाला आणि त्याने एक्क्याण्णव सह्यांवर सोसायटीचा शिक्का मारून कागद करारनाम्याला जोडून टाकला. रतनशेठने खाली उतरताना यज्ञेशच्या पाठीवर थाप मारली. “मानलं तुम्हाला. शेवटपर्यंत काही कबूल केलं नाहीत.”

घरी आल्यावर गार्गी म्हणाली, “अख्ख्या बिल्डिंगला एकेक खोली मिळवून दिलीस आणि तोंड पाडून काय बसलायस?”

“तो अजून तिथेच आहे ना.”

ती हसली नाही. अर्जाची दुसरी प्रत काढून तिने दोन्ही पानं वाचली, बापाबद्दलची ओळ दोनदा. मग म्हणाली, “पेन दे.”

“तुझी सही झालीय की.”

“तेव्हा वाचलं नव्हतं.”

सकाळी निमेश सांताक्रूझहून स्कूटरवर आला आणि सही करून गेला. गेटपाशी सखुबाईने मांडीवर कागद घेऊन, एकेक अक्षर दाबून स्वतःचं नाव लिहिलं. या वेळी कागदावर फ्लॅट नंबरचा रकानाच नव्हता. नावाशेजारी एक खवला चिकटला. यज्ञेशने तो काढला नाही. चार सह्या आणि एक खवला, एवढा भारताचा अर्ज मुदतीत तुमच्याकडे निघाला.

त्याला सात महिने झाले. नवकिरण पाडली, बोर्ड तेवढा राहिलाय. यज्ञेश आता चेकनाक्याजवळ भाड्याने राहतो. सखुबाई तिथेही येते आणि पाटी उतरवायच्या आत विचारते, “आला का रं कागद?”

रतनशेठला कोणीही पत्र लिहिलं नव्हतं, त्याने तिसऱ्या दिवशी उत्तर दिलं. तुम्हाला नावानिशी लिहिलंय, दोन पानं, तिकीट लावून. यज्ञेशने नवा पत्ताही कळवलाय. गेम काढा नाहीतर काढू नका. गुहेत बाप आहे की नाही, एवढं सांगा. बुधवारच्या आत सांगा.