बीटाचे दोन

तुळशीला पाणी घालता घालता वादिराज आचारांचा तांब्या हवेतच थांबला.

"सुधे, युरेनियम दोनशे अडतीस. एक अल्फा गेला, चार वजा. उरले दोनशे चौतीस. मग दोन बीटा गेले. वस्तुमान कमी होतं का गं?"

"छे! बीटाला कुठलं आलंय वजन?" सुधामणी आतून म्हणाली. सव्वीस वर्षं ओसरीवर शिकवण्या ऐकून एवढं तिलाही पाठ होतं.

"मी वजा केलं. एकेकाचा एक. उत्तरसूचीत दोनशे बत्तीस लिहिलंय."

सुधामणी बाहेर येऊन पायरीवरच बसली. "कधी केलंत हे?"

"द्वादशीला."

तिला सगळं आठवलं. आदल्या दिवशीची निर्जळी एकादशी, सहा बावन्नला संपणारी पारण्याची वेळ, दारात सूची न्यायला आलेला शिपाई, आणि 'हादग्याची भाजी वाढलीय, उठा आता' म्हणून तीच मारत असलेल्या हाका. परीक्षा झाली, तपासणीही कालच संपली.

बीटाचं वजन धरणाऱ्या पोराला आचार तासभर व्हरांड्यात उभं करत. उडुपीत त्यांची ओळखच ती. तेवढ्यात फोन वाजला. प्राचार्य शीनप्पा शेट्टी.

"आचार सर, असाल तसे या. दोनशे बत्तीसबद्दल बोलायचंय."

आचारांनी कृष्णाला दोन एकादश्या जास्तीच्या कबूल केल्या आणि एका पायात सुधामणीची चप्पल घालून निघाले.

प्राचार्यांच्या दाराशी प्रफुल्ला बंगेरा हातात पेपर घेऊन डोळे पुसत उभी होती. "सर, मी दोनशे चौतीस लिहिलं. पायऱ्याही दाखवल्या. शून्य दिलंय."

आचारांना तिच्याकडे बघवेना. ते आत शिरले. "साहेब, माझी चूक..."

"हळू बोला!" प्राचार्यांनी दार लोटलं. "एकशे बारा मुलं. एकशे अकरा जणांनी दोनशे बत्तीस लिहिलंय, एकही पायरी न दाखवता. सूची फुटली होती, आचार सर! आणि तुम्ही काय सापळा लावलात हो!"

"सापळा नाही, साहेब. पारण्याची वेळ टळत होती. घाईत झालं."

"बघा, किती तो विनय!"

"देवाशपथ सांगतो."

"शपथ कशाला? पेपर पुन्हा घेऊ. सूची तुम्हीच करा, आणि अशीच एक चूक घाला. कुणाच्या लक्षात येता कामा नये."

आचार बाहेर आले. प्रफुल्लाच्या पेपरावरचं शून्य खोडून त्यांनी पूर्ण गुण लिहिले. "तुझं बरोबर आहे, बाळ. चूक माझी. बीटाचं वजन मी धरलं."

प्रफुल्ला चाचरत म्हणाली, "मग सर... व्हरांड्यात?"

आचार तासभर व्हरांड्यात उभे राहिले. सापळ्याची बातमी एव्हाना सगळीकडे पोचली होती. जाणारी-येणारी पोरं पुटपुटत होती, "नवा सापळा दिसतोय," आणि पाऊल न वाजवता निघून जात होती.

घरी सुधामणी दारातच होती. "काय म्हणाले? काढलं का तुम्हाला?"

"त्याहून वाईट. मुद्दाम चूक करायला सांगितलीय. सुधे, मला कशी गं जमायची?"

तिने भिंतीवरचं पंचांग काढून त्यांच्यापुढे ठेवलं. आचार बोट फिरवत पुढची द्वादशी शोधू लागले.