फ्रिजला बांधलेला पट्टा

"वहिनी, थंडीत कॉम्प्युटरच्या बोर्डाला हात लावायचा ना, तर आधी हा पट्टा मनगटाला बांधायचा. आणि हा चिमटा कॅबिनेटच्या पत्र्याला. अंगातली वीज निघून जाते. नायतर बोर्ड लय नाजूक, एका ठिणगीत खलास!" नवनाथ म्हणाला होता. चैतालीचा हा धाकटा दीर सिन्नरच्या कारखान्यात दिवसभर कॉम्प्युटरचे बोर्ड तपासतो.

"अहो भाऊजी, माझ्या अंगात एवढी वीज असती तर मी घराचं मीटरच काढून टाकलं असतं! बी.ई. आहे मी!"

आणि तो पट्टा तिने फ्रिजच्या दाराला बांधला. दीड वर्षाची मैना फ्रिज उघडायला शिकली होती ना!

इंदिरानगरातल्या त्या घरात मैनेपायी सगळाच कडेकोट बंदोबस्त. प्लगवर टेप, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज, आणि कात्री, स्क्रूड्रायव्हर अशा जागी की ती जागा फक्त चैतालीला ठाऊक. स्वतःच्या स्वेटरचा धोका मात्र बाईंच्या गावीही नव्हता!

जानेवारीतली कडाक्याची सकाळ. दुपारी चार वाजता ऑनलाइन मुलाखत, मैना झाल्यानंतरची पहिली. साहेब समोर ड्रॉइंग करून घेणार आणि कॉम्प्युटर तर ते सॉफ्टवेअर उघडता उघडता म्हातारा व्हायचा. म्हणून नवऱ्याने, रोहितने, नवी रॅम आणलेली.

"नवनाथला विचारू का?" रोहित म्हणाला.

"दोन मिनिटांचं काम आहे!"

लोकरी स्वेटर घालून ती पॉलिस्टरच्या ब्लँकेटवरून सरकत कॅबिनेटपाशी गेली, चंदेरी पिशवीतून रॅम काढली आणि... चट्! बोटाला झिणझिणी. रॅम बसवून बटण दाबलं, तर स्क्रीन तव्यासारखा काळा!

"कसलं डबडं आणलंस रे! मी कामाला लागणार म्हटलं की तुम्हा सगळ्यांचं असंच!" रोहित बिचारा चहा गाळत होता. तिने तणतणत नवनाथला फोन लावला.

"वहिनी, पट्टा कुठंय?"

"...फ्रिजला."

पलीकडे खुसखुस.

"हसताय ना?"

"नाय हो." आवाज हसतच होता. "दुसरी रॅम आणा. स्वेटर काढा, फरशीवर बसा, प्लग काढा. आणि काम झालं की आधी पट्टा सोडायचा, मगच बटण!"

दुसरी रॅम यायला साडेतीन वाजले. चैतालीचा आता स्वतःवरही विश्वास नव्हता. सुती शर्टातल्या रोहितला तिने टेबलाखाली बसवलं. पट्ट्याचं बक्कल फ्रिजने झिजवलेलं, म्हणून मैनेच्या कानटोपीला मारते तीच न सुटणारी गाठ त्याच्या मनगटावर मारली. चिमटा मैनेने कधीच मोडलेला, म्हणून तार कॅबिनेटच्या स्क्रूखाली आवळली. स्क्रूड्रायव्हर लगेच गुप्त जागी परत!

तीन अठ्ठावन्न. तिने बटण दाबलं. सुरू!

"अगं, मला सोड आधी..."

"चूप! कॅमेरा लागलाय!"

ड्रॉइंग झकास झालं. मग साहेब खाकरले. "मॅडम, घरी लहान मूल आहे. जमेल का?"

चैतालीच्या कानशिलांतून वाफ निघाली. "सर, हे तुम्ही मुलांच्या बापांना विचारता का? बाप इथेच आहे, टेबलाखाली. विचारा!"

टेबलाखालून पट्टा बांधलेला हात वर आला. "नमस्कार सर. जमेल."

त्याच क्षणी स्वयंपाकघरात धप्प! पट्ट्याविना फ्रिज उघडला होता. मैना नखशिखान्त दह्यात!

साहेब हसू दाबत म्हणाले, "सोमवारपासून या."

"अगं, कात्री!" रोहित ओरडला.

"प्रत्येक गोष्ट मीच हातात द्यायची? शोध की!" असं फणकारून, मैनेला धुऊन-पुसून कडेवर घेऊन, ती माहेरी बातमी सांगायला तडक सिन्नरच्या बसमध्ये बसलीसुद्धा.

बस निम्म्या वाटेवर असताना नवनाथचा फोन आला. "वहिनी, दादा फोन उचलत नाय. पट्टा सोडला ना त्याचा?"

चैतालीला एकदम आठवलं की रोहितचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला आहे.

तेव्हा इंदिरानगरात कुणी राहत असाल, तर चैतालीची एक विनंती आहे. किल्ली शेजारच्या अंजलीकाकूंकडे आहे, कात्री वरच्या फळीवर नागलीच्या पिठाच्या डब्यामागे. टेबलाखाली जरा बघून याल का? आणि हो, आत जाताना तेवढा स्वेटर काढा!