नारळ, चावी, होडी

सत्तरीला टेकलेल्या आमच्या नगरसेवकाला केळुसकरांनी भर सभेत शंभरातून सात वजा करायला लावले, तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मी शेजारच्याच खुर्चीवर बसलो होतो. धरणीने पोटात घ्यावं असं माणसाला का वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं.

नगरसेवक पाण्याबद्दल बोलायला आले होते. आमचं इंद्रलोक भाईंदर पूर्वेला; नावात इंद्र असला तरी पाणी टँकरचंच. केळुसकर उठले आणि म्हणाले, "पाण्याचं नंतर बघू. शंभरातून सात गेले, किती?"

"त्र्याण्णव."

"त्यातून सात?"

"शहाऐंशी."

"त्यातून परत सात?"

नगरसेवकांनी वर पंख्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "सेक्रेटरी, ये क्या चल रहा है?"

"एकोणऐंशी," केळुसकर शांतपणे म्हणाले. "गाडी बाजूला घ्या."

'गाडी बाजूला घ्या' हे केळुसकरांचं ठेवणीतलं वाक्य. सगळी नोकरी त्यांनी आरटीओत काढली, ड्रायव्हिंगची टेस्ट घेण्यात. शेजारी बसून कुणाला आठ काढायला लावायचे, कुणाला चढावर गाडी थांबवायला लावायचे, आणि जमलं नाही की हेच वाक्य. निवृत्त होऊन भाईंदरला आले, पण उमेदवार संपले नाहीत. फक्त आता ते डोकं तपासायचे. पद्धत ठरलेली: आज वार कोणता, महिना कोणता, आपण कुठे आहोत, वजाबाकी. आणि सुरुवातीला तीन शब्द सांगून ठेवायचे, नारळ, चावी, होडी. पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलायचं आणि मग अचानक विचारायचं, "काय होते ते तीन शब्द?"

पुढाऱ्यांवर त्यांचा विशेष डोळा. "रिक्षावाल्याला वय झालं की डॉक्टरचा दाखला आणावा लागतो," ते म्हणायचे. "का? तर मागे तीन पॅसेंजर असतात. आणि ज्याच्या मागे अख्खं राज्य बसलंय, त्याला कोण विचारतं?" मुद्दा खरा. पण म्हणून माणूस थेट पुढाऱ्याचा कान धरत नाही. केळुसकर धरायचे. एका माजी महापौरांना त्यांनी लग्नाच्या पंगतीत गाठलं, हातात जिलेबी असताना. ते होडी विसरले. केळुसकरांनी नवऱ्यामुलाच्या बापासमोर निकाल सांगितला.

पुढारी नसेल तर जो समोर येईल तो. तळमजल्यावरचे शहाभाई त्यांना पाहिलं की दुकानाच्या मागच्या बाजूला जायचे. "केळुसकरजी, मेरे को सब याद है, खाली धंधे का टाइम है," असं आतूनच ओरडायचे. उत्तनहून मासे घेऊन येणाऱ्या बाईलाही त्यांनी एकदा तीन शब्द सांगितले. तिने टोपली उचलली आणि म्हणाली, "बोंबील घेयाचा हाय का न्हाय, तेवढा सांग." केळुसकरांनी तिला पास केलं.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं, कुणाला ठाऊक नव्हतं. आधी चांगले होते, असं सगळे म्हणायचे. त्यांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, विचारावं तर त्या वर्षभर खाली उतरल्याच नव्हत्या. "गुडघे," एवढंच केळुसकर सांगायचे. दारही अर्धंच उघडायचे.

अशात आमच्याकडे ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र झालं आणि उद्घाटनाला साहेब येणार असं ठरलं. साहेब म्हणजे माजी मंत्री, वय ऐंशीच्या पुढे. पुन्हा निवडणुकीला उभे राहणार अशी हवा होती. ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष केळुसकर, म्हणजे शाल-श्रीफळ त्यांच्याच हातून. माझी झोप उडाली. मी आदल्या दिवशी त्यांच्या अर्ध्या दारात उभा राहून हात जोडले. "काका, एवढ्या वेळेला काही विचारू नका. मोठा माणूस आहे."

"गाडी जितकी मोठी, टेस्ट तितकी कडक," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मांडव भरला. केळुसकरांनी साहेबांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि माइक ओढून म्हणाले, "साहेब, तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा. नारळ, चावी, होडी. भाषण झालं की विचारीन."

मांडव हसला. लोकांना वाटलं, गंमत आहे. साहेबही हसले. त्यांच्या पीएने मात्र माझ्याकडे रोखून पाहिलं.

साहेब भाषणाला उभे राहिले. "वसईकर बंधू-भगिनींनो," त्यांनी सुरुवात केली. वसई खाडीच्या पलीकडे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी पहिलं पान वाचलं, ते मागे सरकवलं, आणि परत तेच पान वाचलं. अक्षरन् अक्षर तेच. लोकांनी त्याच जागी परत टाळ्या वाजवल्या. मी स्टेजच्या कडेला उभा होतो. हा माणूस एके काळी कागदाशिवाय दोन तास बोलायचा. मी स्वतः ऐकलेलं होतं. आणि समोर शेकडो माणसं होती, पण काही घडलंय असं एकाच्याही चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

साहेब बसले. केळुसकर त्यांच्यासमोर वाकले आणि माइक धरला. "हां, साहेब. ते तीन शब्द?"

साहेबांनी मांडीवरच्या नारळाकडे पाहिलं. "नारळ," ते म्हणाले.

"पुढे?"

पीए कानाशी लागायला आला. "कॉपी चालणार नाही," केळुसकर म्हणाले आणि मांडव पुन्हा हसला. साहेब हसले नाहीत. ते शालीचं टोक बोटांना गुंडाळत होते. मग केळुसकरांची बाही धरून, अगदी हळू आवाजात, माइकला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, त्यांनी विचारलं, "मला घरी कधी सोडणार?"

हे तिघांनी ऐकलं. पीएने, केळुसकरांनी आणि मी. पीएने मान फिरवली. त्याला ते नवीन नसावं. मी 'गाडी बाजूला घ्या'ची वाट बघत डोळे मिटून घेतले.

"बरोबर," माइकवर केळुसकरांचा आवाज आला. "नारळ, चावी, होडी. तिन्ही बरोबर. साहेब पास."

टाळ्यांचा कडकडाट झाला. नोकरीभर एकाही माणसाला फुकट पास न केलेले केळुसकर धडधडीत खोटं बोलले होते. वर साहेबांचा हात धरून त्यांना पायऱ्या उतरवल्या, गाडीपर्यंत नेलं, आणि दार लावण्याआधी त्यांच्या पायांवर शाल नीट करून ठेवली.

मला राहवलं नाही. ते घरी निघाले तसा मी मागोमाग जिना चढलो. त्यांनी कुलूप काढलं. दाराला बाहेरून कुलूप होतं, हेही मी पहिल्यांदाच पाहत होतो. आत काकू कॉटवर बसल्या होत्या. गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. मला बघून त्या चटकन उठून पुढे आल्या.

"अण्णा, कधी आलास रे गावाहून?"

मी साळवी. आम्ही एकाच सोसायटीतले, मी पलीकडच्या विंगेत, आणि दर गणपतीत माझ्या घरी या बाईच्या हातचे मोदक यायचे. मी केळुसकरांकडे पाहिलं. त्यांनी मान नुसती हलवली.

"सकाळी आलो," मी म्हणालो.

त्या पाणी आणायला आत गेल्या तेव्हा केळुसकर बोलले. "डॉक्टरकडे नेलं होतं. त्याने विचारलं, आज तारीख काय? ही म्हणाली, संकष्टी. आणि होती संकष्टी. त्याने मार्क कापला. राहता कुठे? म्हणाली, मुंबईत. तोही कापला. आता मला सांग, भाईंदरचा कोण माणूस गावी गेल्यावर मुंबईत राहतो असं सांगत नाही? पण नारळ-चावी-होडी तिला खरंच आलं नाही. तिथून निघताना विचारते, अहो, मी नापास झाले का? घरी येऊन रडली. म्हणाली, लोक हसतील, मी आता खाली जायची नाही. पण कधी विसरून एकटीच निघायला बघते, म्हणून हे कुलूप."

"म्हणून तुम्ही बाकीच्यांना..."

"रोज येऊन सांगतो, आज कोण नापास झालं. नगरसेवक, महापौर. तेवढीच हसते. वाटतं, एक दिवस म्हणेल, सगळेच नापास आहेत तर मी तरी कशाला लाजू? आणि येईल खाली."

काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. भांडं आणायचं राहिलं होतं. केळुसकर उत्साहाने म्हणाले, "अगं, आज सर्वांत मोठा नापास झाला. खुद्द साहेब. एकच शब्द आला, तोही हातात होता म्हणून."

काकू हसल्या नाहीत. तांब्या तसाच धरून उभ्या राहिल्या. "मग घाबरले असतील."

"हो. घाबरले होते."

"घरी जायचं म्हणाले का?"

केळुसकर माझ्याकडे बघू लागले. मीच म्हणालो, "हो, म्हणाले."

"आणि तुम्ही त्यांना तिथे सोडून वर आलात?" काकूंनी तांब्या माझ्या हातात दिला, पदर सारखा केला आणि दाराशी जाऊन चपला शोधू लागल्या. "अहो, चला. एकटं बसवू नये अशा माणसाला."

साहेबांची गाडी केव्हाच गेली होती. मी तोंड उघडणार, तोच केळुसकरांनी माझा दंड दाबला. ते खाली वाकले, काकूंच्या उलट्या घातलेल्या चपला सरळ केल्या आणि त्यांचा हात धरला. वर्षभराने दोघं बरोबर जिना उतरली. मीही तांब्या घेऊन मागे गेलो.

खाली मांडववाले खुर्च्या एकावर एक रचत होते. स्टेजवरच्या दोन तेवढ्या उरल्या होत्या. शहाभाई शटर ओढता ओढता थांबले आणि त्यांनी काकूंना नमस्कार केला. काकूंनी सगळीकडे पाहिलं.

"कुठेत ते?"

"येतील," केळुसकर म्हणाले. "आपण थांबू त्यांच्यासाठी."

मी मांडववाल्यांना त्या दोन खुर्च्या राहू द्यायला सांगितलं.