स्टार्टर बाकावरच राहिला

लग्न शनिवारी अकराला होतं, आणि शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत लेन विसनेस्कीला वाटत होतं की आपलं सगळं काम उरकलं. गॅरेजमध्ये एकोणसत्तर सालची त्याची हिरवी गाडी उभी होती, तिच्या पोटात नवे कोरे हेडर चमकत होते, आणि मुलीला, टेसाला, याच गाडीतून चर्चला न्यायचं ठरलं होतं. फक्त दोघंच. रविवारी ती नवऱ्याबरोबर ओरेगॉनला जाणार. मग नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला भेटली तर भेटली. पंधरा मिनिटांच्या त्या वाटेत तिला काय सांगायचं, हे लेन महिनाभर मनात घोळवत होता.

हेडर म्हणजे इंजिनातला धूर मागच्या पाइपात सोडणाऱ्या नळ्या. त्या निवडण्यात या माणसाचे सात महिने गेले. आखूड घ्याव्यात तर बसवायला सोप्या, पण आवाजात दम नाही. लांब घ्याव्यात तर ताकद भरपूर, पण आत बोट घालायला जागा उरत नाही. सायलेन्सरचंही तेच तळ्यात-मळ्यात. जेवता जेवता उठून तो फोनवर वेगवेगळ्या पाइपांचे आवाज लावी आणि बायकोला, डोरीनला, कुठला बरा ते विचारी. सगळे आपल्या गवत कापायच्या यंत्रासारखेच वाटतात, असं तिने एकदा सांगितलं, तेव्हा तो दोन दिवस तिच्याशी नीट बोलला नाही. शेवटी मित्र ग्लेनच्या भरीला पडून त्याने लांब हेडर घेतले आणि सायलेन्सर नावापुरते.

तर शुक्रवारी तीन वाजता हात पुसायला फडकं शोधताना त्याला कामाच्या बाकावर स्टार्टर दिसला, म्हणजे किल्ली फिरवली की इंजिन सुरू करणारी मोटर. साफ करायला काढलेला, चकचकीत. स्टार्टर आधी, लांब हेडर नंतर, हे जन्मभर दुसऱ्यांना बजावणारा माणूस स्वतःच्याच गाडीत विसरला होता. आता तो बसवायचा तर हेडर पुन्हा उतरवायचे, म्हणजे अख्खा दिवस. लेन गॅरेजमध्ये येरझाऱ्या घालू लागला.

ग्लेनने फोनवर पोटभर हसून घेतलं आणि मग उपाय सांगितला. "उतारावरून सोड, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोड. होते चालू. फक्त चर्च येईपर्यंत बंद पडू देऊ नकोस."

"माझी गाडी ने," डोरीन म्हणाली. "तिच्यात स्टार्टर आहे."

लेनने तिच्याकडे असं पाहिलं की तिने विषय सोडला.

शनिवारी गाडी उतारावर चालू झाली आणि शेजाऱ्यांच्या खिडक्या थरथरल्या. टेसा झग्याचा सहा फूट घोळ सावरत आत बसली. पहिल्या वळणावर लेनने घसा खाकरला आणि बोलायला तोंड उघडलं, पण त्याचं बोलणं त्याला स्वतःलाही ऐकू येईना. टेसाने कानाकडे बोट दाखवून मान हलवली. तो ओरडला, तीही ओरडली, मग दोघांनी नाद सोडला. सात महिने हौसेने निवडलेला आवाज त्याच्या पंधरापैकी आठ मिनिटं खाऊन बसला होता.

नदीवर पूल वर उचललेला होता. खालून एक शिडाची होडी आरामात चालली होती. समोर फाटक, मागे गाड्यांची रांग, आणि उभ्या गाडीत इंजिन तापत होतं. लेनने काट्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली.

एकदम शांत झालं. महिनाभर घोळवलेली वाक्यं मात्र कुठल्या कुठे पळाली.

"मला करमणार नाही गं," तो म्हणाला.

"मलाही नाही, बाबा." तिने त्याचा हात धरला. बराच वेळ दोघं होडीकडे बघत राहिली.

पूल खाली आला, मागून भोंगे वाजू लागले, आणि लेनला स्टार्टरचं सांगावं लागलं. टेसाने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे पुन्हा चालू होणार नाही हे माहीत असून बंद केलीस?"

"हो."

तिने काजळ सांभाळत डोळे टिपले. "उतर. मी चालवते, तू ढकल. या झग्यात मला ढकलता येणार नाही."

त्या जागेवर लेनशिवाय तीस वर्षांत कुणी बसलेलं नव्हतं, निदान त्याच्या माहितीत. तो क्लचबद्दल सांगू लागला, तर ती म्हणाली, "बाबा, ढकल."

मागच्या पिकअपमधले दोघे कोळी मदतीला उतरले. गाडीने गचका खाल्ला, डरकाळी फोडली आणि सुसाट पूल ओलांडला. थांबवायची सोयच नव्हती. लेन कोटातच रस्त्यात उभा राहून ऐकत होता. आपल्या गाडीचा आवाज बाहेरून तो पहिल्यांदाच ऐकत होता. दुसऱ्या गिअरमधून तिसरा, तिसऱ्यातून चौथा, कुठे खरखर म्हणून नाही. त्याला रडू आलं.

"हेडर झकास बसवलेत," एक कोळी म्हणाला. "लांबवाले ना?"

लेनने मान डोलावली.

तो चर्चला पोचला तो पिकअपमध्ये, गळाच्या किड्यांच्या डब्यांमध्ये बसून. हिरवी गाडी चर्चशेजारच्या उतारावर, तोंड खाली करून, व्यवस्थित लावलेली होती. पायऱ्यांवर डोरीनने त्याचा टाय सरळ केला आणि नाक मुरडलं.

"हिला गिअर कुणी शिकवले?" त्याने विचारलं.

"मी."

"आणि तुला?"

"गुरुवारी संध्याकाळी तू बोलिंग खेळायला जातोस ना, ही गाडी घरीच ठेवून," डोरीन त्याच्या खांद्यावरचा माशाचा खवला झटकत म्हणाली, "बावीस वर्षं. आता आत चल, पोरगी खोळंबलीये."