समितीतला साधा माणूस

ठोंबरेभाऊंच्या घरी मला गरम चहा कधी मिळाला नाही. भिसेगावात आमची भिंतीला भिंत. कप हातात द्यायचा सोडून हे समोर उभे राहून सांगणार, "यात साखर हाय, आलं हाय. आल्यानं कोणाला पित्त होतं. नको असंल तर नाय म्हणा, कारण सांगायचं नाय. अर्धा पिऊन सोडलात तरी आमी रागावणार नाय." तोवर चहावर साय धरलेली.

भाऊंचं कर्जतच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. मोठ्या इस्पितळांत नवी औषधं माणसांवर तपासून बघतात. ते नीट, विचारून चाललंय ना, हे बघायला एक समिती असते. तिच्यात डॉक्टर, वकील असतातच, पण नियमाने एक साधा माणूसही लागतो. ओळखीच्या डॉक्टरांनी भाऊंना नेलं आणि आमच्या नशिबी हे आलं. "नियमानं साधा माणूस हाय मी," असं छाती काढून सांगणारा दुसरा कोणी तालुक्यात नसेल.

त्यांच्या पुतणीच्या लग्नात अंतरपाट धरलेला, भटजींनी सूर लावलेला, आणि भाऊ मधे घुसले. "फायदे-तोटे दोनी सांगितले ना गं तुला? कोणाचा दबाव नाय ना?" नवऱ्यामुलाच्या मामाने बाह्या सरसावल्या. शेवटी त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, भाऊंना हाताला धरून जेवणाच्या पंगतीत नेऊन बसवलं. त्यांना आवरावं तर वहिनींनीच.

त्याच वहिनी पुढे विसरत गेल्या. आधी गॅस बंद करायला, मग घरचा रस्ता, शेवटी भाऊंना.

मुंबईचे डॉक्टर म्हणाले, एका नव्या औषधाची चाचणी आहे, आठवण थोडी परतेलही. वहिनींच्या वतीने तुम्ही सही केलीत तरी चालेल. मी सोबत होते, मला हायसं वाटलं. पण भाऊ वहिनींपुढे बसले आणि चहाचं सांगावं तसं सगळं सांगू लागले. वहिनींनी सुई बघितली, हात पदराखाली घेतला. "नको." पुढच्या खेपेला परत विचारलं, तेव्हाही नको.

"नाय म्हणते ती," भाऊ डॉक्टरांना म्हणाले आणि उठले.

परतताना मी तणतणले. "अहो, त्यांना काय कळतंय? औषधाने तुम्हाला ओळखतील तरी!"

"त्येच तर. मला लय पायजे हाय ते," भाऊ म्हणाले. "समितीत ज्याचा फायदा असतो, त्यानं बाहेर बसायचं असतं. माझी सही कशी चालंल?"



आता रोज सकाळी ओटीवर ते फणी घेऊन वहिनींसमोर बसतात. "वेणी घालू का?" कालचा होकार आज धरत नाहीत. वहिनी नको म्हणाल्या की केस दिवसभर तसेच मोकळे.

परवा मी तिथेच होते. वहिनींनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "तुमी कोण?"

"मी?" भाऊ जरा अडखळले. "साधा माणूस हाय."

"मग घाला," वहिनी म्हणाल्या आणि त्यांच्याकडे पाठ करून बसल्या. भाऊंनी हलकेच केसांत फणी घातली.