परब मेला की पाणी चढेल

धोंडू परब सकाळी जिन्यात भेटला की आधी माफी मागायचा. "अजून आसय हां मी. जरा कळ काढा."

म्हणजे तो अजून जिवंत आहे, याबद्दल माफी.

मरोळच्या आमच्या चाळीला तीन मजले. खाली हौद, गच्चीवर टाकी, आणि पाणी वर चढवणारी मोटर घरमालकाने दुरुस्तीला नेली ती परत आलीच नाही. तिसऱ्या मजल्याच्या नळांतून नुसता वारा यायचा. बायका खालून हंडे भरून वर न्यायच्या. त्यांना परबाने शब्द दिला होता: मी मेलो की पाणी आपोआप वर चढेल.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. परब दुसऱ्या मजल्यावर माझ्या शेजारी राहायचा. इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात फिटर. बायको लग्नानंतर वर्षभरात गेलेली, मूलबाळ नाही. एरवी घुम्या, पण मरणाचा विषय निघाला की हा पन्नाशीचा माणूस लग्न ठरल्यासारखा हरखायचा.

"गजा, आमच्या घराण्यातलो पुरुष जित्तेपणी बिनकामाचो," तो मला सांगायचा. "मेलो की पावर येता. आजो मेलो, धा दिवसांच्या आत कोरड्या बावडेक पाणी लागला. बापूस मेलो, वांझ आंबो मोहरलो."

"आणि तू?"

"मी पाणी उलटा चढवतलंय."

"तुला कसं कळलं?"

"नळाक वायसर बसवताना आतून कळला!"

त्याच्या गावी त्या विहिरीतून पहिली घागर काढताना अजून आजोबांचं नाव घेतात आणि आंबे उतरवताना बापाचं. हे सांगताना त्याचा आवाज खाली यायचा. आम्हाला रस पाण्यात होता, नावात नव्हता.

तिसऱ्या मजल्यावरच्या कांबळेवहिनी दोन हंडे घेऊन त्याच्या दारावरून जाताना विचारायच्या, "काय परबभावजी, कधी मरताय?"

"वैनी, शिमग्यापर्यंत तरी नाय जमूचा."

"बरं. पण उन्हाळ्याआधी बघा हं. उन्हाळ्यात फार हाल होतात."

यात दोघांनाही काही वावगं वाटत नसे.

एकदा तो मलेरियाने फणफणला. डॉक्टरांनी मान हलवली आणि तिसऱ्या मजल्यावर एकच धांदल उडाली. पिंपं घासली गेली, हंडे चिंचेने लखलखीत झाले, प्रत्येक नळाखाली रांग लागली. त्याच बायका आळीपाळीने खाली येऊन त्याला पेज भरवत होत्या, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होत्या. "मरू नका हो भावजी," म्हणून एक रडत होती आणि तिची मुलगी वरून ओरडत होती, "आई, नळ सोडून ठेवू का गं?"

चौथ्या दिवशी ताप उतरला. परब कठड्याला धरून वर चढला आणि दारोदार सांगत सुटला, "हुकला. पुढच्या खेपेक नक्की."

"असू द्या हो," कांबळेवहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "पिंपं तरी स्वच्छ झाली."

संध्याकाळी त्याच्या खोलीतून घर्रर्र असा आवाज यायचा. विचारलं तर म्हणायचा, "सराव करतंय." मग एक दिवस त्याने पलंगाखालच्या ट्रंकेची किल्ली माझ्या हातात ठेवली. मी चाळ कमिटीचा सेक्रेटरी, म्हणून मला दिली असावी.

"दहावा होईपर्यंत उघडूची नाय. तोपर्यंत पावर इली, तर कधीच उघडू नको."

एका रविवारी दुपारी बांगड्याचं तिखलं खाऊन तो आडवा झाला, तो उठलाच नाही. चाळ खरोखर रडली. पण त्याला खाली उतरवलं आणि गर्दीतून कोणीतरी हळूच म्हणालं, "नळ बघा रे कोणीतरी."

दहा दिवस तिसऱ्या मजल्यावरचे नळ उघडे होते. रोज पोरं नळाला कान लावायची. "आलं आलं!" कोणी ओरडलं की अख्खी चाळ जिन्यात. नुसता वारा. गावाहून आलेला पुतण्या दहावं उरकून गेला. पाणी चढलं नाही.

अकराव्या दिवशी मी ट्रंक उघडली.

आत मोटर होती. भंगारातले सुटे भाग जमवून त्याने स्वतः जोडलेली. पाइप, व्हॉल्व्ह, बोल्ट, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. मला पाना धरता येत नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून प्रत्येक तुकड्याला नंबराची चिठ्ठी बांधलेली. आणि वर एक कागद:

"गजा, पावर आमच्या गावच्या मातयेत चलता. हय मुंबयत चलता की नाय, माका खात्री नाय. नाय इली तर ही मोटर बसव. पयल्या पाण्याक माझा नाव घेवा. बाकी काय नको."

मी प्लंबर बोलावला. दुपारी बटण दाबलं. गच्चीवरची टाकी भरत गेली आणि तिसऱ्या मजल्याचे नळ आधी खोकले, मग थुंकले, मग धो धो वाहू लागले! बायका किंचाळल्या, पोरं कपड्यांसकट नळाखाली शिरली, कोणी एकमेकांवर हंडे ओतले. आणि त्या गोंगाटात कोणीतरी आरोळी दिली, "सेक्रेटरींचा विजय असो!"

मोटर मीच आणली असं सगळे धरून चालले होते. कागद माझ्या खिशात होता. वाचून दाखवायला अर्धं मिनिट लागलं असतं.

मी हसलो आणि हात जोडले. कमिटीची निवडणूक पुढच्याच महिन्यात होती, हे आता लपवत नाही.

"बिचाऱ्या परबाची पावर काही आली नाही," कांबळेवहिनी म्हणाल्या.

"नाही आली," मी म्हणालो.

पुढे टाकीवर फरशी बसली: गजानन रेडकर यांच्या प्रयत्नाने. नळ कोरडा पडला की पोरं म्हणायची, "परबाची पावर गेली रे!" आणि हसायची. त्यांच्याबरोबर मीही हसलो. कांबळेवहिनी शेवटपर्यंत मला हात जोडत राहिल्या. त्यांनाही मी सांगितलं नाही.

आता मी ब्याऐंशी वर्षांचा आहे. परवा सकाळी तो कागद घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो. वहिनींची नातसून नळाखाली हंडा ठेवत होती.

"अगं थांब," मी म्हणालो. "हे पाणी मी आणलेलं नाही. परबाने आणलंय."

"कोण परब?"

मी तिथेच स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. फरशीचंसुद्धा. हंडा रिकामाच होता. तिने मधे एकदाही नळाला हात लावला नाही. माझं बोलणं संपल्यावर तिने विचारलं,

"पूर्ण नाव काय हो त्यांचं?"

"धोंडू परब."

तिने पदर नीट केला, ते नाव मोठ्याने घेतलं आणि मग नळ सोडला.