व्हॅनखालचा परका जोड

बायको आवाज न करता घरी आली, तिथंच मिस्त्रीच्या मनात पाल चुकचुकली.

गेले तीन महिने त्याच्या बायकोची, शिवणवर्गाच्या बाईंची, व्हॅन कोपऱ्यावर वळली की साऱ्या गल्लीला कळायचं. सायलेन्सरचा पाइप मधोमध फुटला होता आणि गाडी रणगाड्यासारखी गर्जत यायची. तो आवाज ऐकला की मिस्त्री उठून चहाचं आधण ठेवायचा. आज आधण राहिलं. बाईंची व्हीलचेअर त्याच्या पाठीशी येऊन थांबली आणि "पाणी देता का?" असं कानावर आलं, तेव्हा कुठं त्याला बायको घरी आल्याचं कळलं.

"गाडी वाजली नाही," मिस्त्री म्हणाला.

"नाही वाजली."

"का?"

"दुरुस्त करून आणली."

मिस्त्रीनं ग्लास होता तिथंच ठेवला. "कुठं गेली होतीस?"

"समोर."

"समोर म्हणजे कुठं?"

"तुमच्या गॅरेजच्या समोर एकच तर गॅरेज आहे."

"त्याच्याकडे? किती वेळ होतीस?"

"दोन तास असेन."

"दोघंच?"

"नाही, गाडीपण होती," बाई म्हणाल्या आणि पाणी स्वतःच घेऊन प्यायल्या.

आता यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण मिस्त्री स्वतः सायलेन्सरवाला होता. बावीस वर्षं. लांबलांबून लोक फुटके पाइप घेऊन त्याच्याकडे येत आणि तो जोडून देई. घरच्या गाडीचं मात्र रोज उद्यावर जाई. बाईंनी सांगून सांगून तोंड दुखवून घेतलं होतं. धूर आत येतो, डोकं धरतं, शिवणवर्गाला पोचेपर्यंत मळमळायला लागतं. शिवाय सोमवारी साडेदहाला गाडीची वार्षिक तपासणी होती. त्यात गाडी नापास झाली की रस्त्यावर आणायला बंदी, आणि गाडी बंद म्हणजे शिवणवर्ग बंद. बाईंचे तीस विद्यार्थी होते आणि वर्गाच्या जागेवर दुसऱ्या एका शिक्षिकेचा डोळा होता. मिस्त्रीला हे सगळं माहीत होतं. त्याला वाटे, रविवारी करू.

आणि गाडी गेली ती कुणाकडे, तर टापटीपकडे. हे नाव मिस्त्रीनंच ठेवलेलं. समोरच्या गॅरेजवाल्याची फरशी पुसलेली असे, पाने मापानं टांगलेले असत आणि तो गाडीखाली जाताना रबरी चटई अंथरून जाई. गॅरेजवाला आहे की दातांचा डॉक्टर, असं मिस्त्री गिऱ्हाइकांना विचारायचा. गिऱ्हाइकं हसायची आणि पुढच्या वेळी समोर जायची.

बाई हातपाय धुवायला गेल्या तसा मिस्त्री बॅटरी घेऊन अंगणात गेला आणि व्हॅनखाली शिरला. पाइपवरचा जोड त्यानं बघितला, आणि बघतच राहिला. माशाच्या खवल्यासारखी एकावर एक बसलेली, एका मापाची वेल्डिंगची ओळ पाइपाभोवती फिरून जिथून निघाली तिथंच येऊन मिळाली होती. कुठं थेंब नाही, कुठं खड्डा नाही. मिस्त्रीचे जोड मजबूत असत. हत्ती बांधला तरी तुटायचे नाहीत. पण देखणे म्हणाल तर नाव काढू नका; मुंग्यांचं वारूळ बरं दिसेल. त्यानं जोडावरून बोट फिरवलं आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

जेवताना त्यानं दोन घास घेतले. मग एकदम म्हणाला, "त्यानं चहा दिला का?"

"दिला."

"आणि बरोबर काही?"

"बिस्किटं."

"बिस्किटंसुद्धा," मिस्त्री म्हणाला आणि ताटावरून उठला.

इथं प्रकरण मिटलं असतं. पण शुक्रवारी सकाळी गॅरेजशेजारच्या न्हाव्यानं तोंड उघडलं. "वहिनींची गाडी झाली वाटतं एकदाची. बरं झालं, दर गुरुवारी बिचाऱ्या समोर बसून असायच्या."

"दर गुरुवारी?"

"दोन महिने तरी झाले. तुम्ही सामान आणायला बाजारात गेलात की त्या येतात. तुम्हाला माहीत असेल की."

मिस्त्रीनं मान हलवली, जणू त्यानंच पाठवलं होतं. पण त्या दिवशी त्यानं एका टेम्पोचा सायलेन्सर उलटा बसवला. एका पाइपाला दोन महिने? दोन महिन्यांत तर अख्खी गाडी बांधून होते. आणि घरी या बाईनं चकार शब्द काढला नाही. त्याला काही विचारायचा धीर झाला नाही. विचारलं आणि उत्तर मिळालं तर काय करायचं, हाच प्रश्न होता. त्यापेक्षा तो जोड कापून काढावा, स्वतःचा घालावा, म्हणजे सोमवारी तपासणीत माझं काम पास होईल आणि हिला कळेल की नवरा जिवंत आहे, असं त्यानं ठरवलं.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर तो म्हणाला, "गाडी धुऊन आणतो."

बाई कापड कापत होत्या. कात्री थांबली. "तुम्ही? गाडी धुणार?"

"मग, तपासणी आहे ना उद्या."

"अकरा वर्षांत पहिल्यांदा," बाई म्हणाल्या, पण किल्ली दिली.

बाई व्हीलचेअरवर बसूनच व्हॅन चालवत; दुसऱ्या कुणाला चालवायची झाली तर चालकाच्या जागी बसवायचं एक सुटं सीट होतं. ते अडकवून मिस्त्रीनं गाडी गॅरेजवर नेली, जॅक लावला आणि ग्राइंडर चालू केला. ठिणग्या उडाल्या, जोडाचे दोन तुकडे झाले आणि त्याला इतकं बरं वाटलं की तो शीळ घालू लागला.

शीळ पाच मिनिटं टिकली. व्हीलचेअर आत नीट मावावी म्हणून या व्हॅनची फरशी कापून वीतभर खाली घेतलेली होती. त्यामुळे पाइपाला सरळ जायला वाटच नव्हती. तो बाजूनं वळसा घ्यायचा, खुर्ची चढवायचा उतरता रॅम्प आत-बाहेर सरकतो ती खाच चुकवायचा आणि मग मागे जायचा. टापटीपकडून आलेला वाकवलेला तुकडा मिस्त्रीला परत लावायचा नव्हता, आणि स्वतःकडे होता तो टेम्पोचा सरळ पाइप. त्यानं तो तापवून एकदा वाकवला, तो टाकीला लागला. दुसऱ्यांदा वाकवला, तो चाकाला लागला. तिसऱ्यांदा तो कशालाच लागला नाही. मिस्त्रीनं भराभर वेल्डिंग मारलं, शेवटी एक तारेचा वेढा दिला आणि गाडी चालू केली. आवाज जवळजवळ नव्हता. खूश होऊन त्यानं रॅम्पचं बटण दाबलं.

रॅम्प हातभर बाहेर आला आणि आतून कुणीतरी धरून ठेवावा तसा अडला. मोटर कण्हू लागली. मिस्त्रीनं पुन्हा बटण दाबलं. खाली खाडकन आवाज झाला, पाइप निखळून जमिनीवर पडला आणि रॅम्प वाकडा होऊन अडकला तो अडकलाच. आत जाईना, बाहेर येईना. दार लागेना. अशी हातभर जीभ बाहेर काढलेली गाडी रस्त्यानं नेणार कशी?

तेवढ्यात फोन वाजला. "झाली का धुऊन?"

"वाळतेय," मिस्त्री म्हणाला.

रविवारी सगळी दुकानं बंद. पाइप वाकवायचं यंत्र त्या रस्त्यावर एकाकडेच होतं आणि तो आपल्या गॅरेजच्या वरच्याच मजल्यावर राहायचा. मिस्त्रीनं तीनदा रस्ता ओलांडायला पाऊल उचललं आणि मागे घेतलं. चौथ्यांदा डोळ्यांसमोर साडेदहाची तपासणी आली, मग तो गेला.

टापटीप चटई काखेत घेऊनच उतरला. गाडीखाली जाऊन आला, हात पुसले. "रॅम्प सरळ होईल. पाइपही वाकवून देतो. पण जुना कुठं गेला?"

मिस्त्रीनं बोटानं दाखवलं. टापटीपनं ते दोन तुकडे उचलले, जुळवून बघितले आणि त्याचा चेहरा उतरला. "कापलात? कशाला?"

"माझ्या बायकोच्या गाडीखाली तुझं काम नको होतं मला."

"माझं कुठलं? मी फक्त पाइप वाकवून दिला."

"मग जोड कुणाचा?"

"वहिनींचा."

मिस्त्री हसला. टापटीप हसला नाही.

"दोन महिने शिकत होत्या," तो म्हणाला. "आधी भंगारातले तुकडे जोडले, मग हा. त्यांच्यासाठी मी टेबलाचे पाय कापून घेतले, खुर्ची खाली जावी म्हणून. शिवणकामाचा हात आहे, मिस्त्री. इतकी सरळ ओळ मला नाही येत."

दोन महिने त्याच्या बायकोनं हातात वेल्डिंगची दांडी धरली, काचेतून ठिणग्या बघितल्या, आणि ते सगळं बघायला हा होता. "माझ्याकडे यायचं. मी शिकवलं नसतं का?"

"विचारलं होतं म्हणाल्या. तुम्ही म्हणालात, तुला कशाला हव्यात या उठाठेवी."

आपण असं म्हणालो होतो हे मिस्त्रीला आठवलं नाही. आपण असंच म्हणू, हे मात्र त्याला पटलं.

"वाळली का?" मागून आवाज आला. बाई घरून व्हीलचेअर चालवत आल्या होत्या, दोन गल्ल्या ओलांडून. त्यांनी बाहेर आलेला रॅम्प बघितला. टापटीपच्या हातातले तुकडे बघितले. तो जोड त्यांनी मांडीवर घेतला आणि बराच वेळ त्याच्यावरून हात फिरवला. मिस्त्रीला वाटलं, आता ओरडावं हिनं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मला सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"सांगणार होते. तुम्ही गाडीखालून आलात, म्हटलं आता विचारतील कुणी केलं. तुम्ही विचारलंत, चहा दिला का."

बाईंनी टापटीपकडे वळून वेल्डिंगचा मुखवटा मागितला.

टापटीपनं रॅम्प सरळ केला, नवा पाइप वाकवला आणि आखूड पायांच्या टेबलावर ठेवला. दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. मिस्त्रीनं धरलं.

"हलवू नका," मुखवट्याआडून बाई म्हणाल्या.

"नाही हलवत."

"हलतंय."

मिस्त्रीनं श्वाससुद्धा रोखला. ठिणग्यांच्या उजेडात त्यानं ती ओळ पुढं सरकताना बघितली, खवल्यामागून खवला. बावीस वर्षं हे काम करून आपल्याला हे जमलं नाही, म्हणून त्याचा जीव जळत होता. आणि हे पहिल्यांदा बघायचा मान दुसऱ्याला मिळाला, म्हणून त्याहून जास्त जळत होता. त्यानं पाइप घट्ट धरला.

सोमवारी साडेदहाला तपासणी अधिकारी आरसा लावलेली काठी घेऊन व्हॅनभोवती फिरले. रॅम्प बाहेर काढायला लावला, आत घ्यायला लावला. धूर आत येतो का ते यंत्र लावून बघितलं. मग ते थेट खाली वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.

"हा जोड कुणी केला?"

"मी," बाई म्हणाल्या.

अधिकारी उठले आणि पास झाल्याचा शिक्का मारता मारता म्हणाले, "माझ्या गाडीचं असंच काम आहे. तुम्ही कोणत्या वारी असता?"

आता हा एक नवीन, असं मिस्त्रीच्या मनात आलं आणि तो दोन पावलं पुढं येऊन बायकोच्या खुर्चीला खेटून उभा राहिला. अधिकाऱ्यांनी त्याचे काळे हात बघितले.

"आणि तुम्ही? तुम्हीही याच कामातले का?"

मिस्त्रीनं बाईंकडे बघितलं. बाई समोर बघत होत्या.

"मी पाइप धरतो," तो म्हणाला.

"बरा धरतात," बाई अधिकाऱ्यांना म्हणाल्या. "कालपासूनच शिकतायत."